राखणदाराची उस्तवार

वैशाखात नागपूरला सकाळी नऊ वाजले की उन्हाचा चटका बसू लागतो आणि दुपारी डांबरी रस्ते तव्यासारखे तापतात. कुत्र्याच्या पंजांना पायताण नसते. म्हणून ज्यांच्या घरी कुत्रे आहे अशी माणसे पहाटेच बाहेर पडतात. अंबाझरीच्या वाटेवर, सेमिनरी हिल्सच्या चढावर, फुटाळ्याच्या काठाने आणि धरमपेठ-रामदासपेठेच्या गल्ल्यांतून त्या वेळी श्वानांची जणू मिरवणूकच चाललेली दिसते. कोणी केसाळ, कोणी लोंबत्या कानांचे, कोणी वासराएवढे थोराड, तर कोणी पिशवीत मावेल एवढे चिमुकले. मालक कुत्र्याला फिरवितो आहे की कुत्रे मालकाला, हे काही जोड्यांच्या बाबतीत सांगणे कठीण असते.

मिरवणूक पुढे निघून जाते. तिच्यामागे रस्त्यावर काय उरते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. तासाभराने लांब दांड्याचा खराटा घेऊन सफाई कामगार येतात आणि त्यांना मात्र ते पाहावेच लागते. शाळेला निघालेल्या मुलाचा बूट त्यात पडतो. भाजीच्या हातगाडीचे चाक त्यावरून जाते आणि तेच चाक पुढे दहा घरांच्या दारांशी थांबते. कुत्र्याच्या इमानाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या घाणीविषयी लिहिताना लेखणी संकोचते. परंतु ज्याला कुत्रे पाळावयाचे आहे, त्याने हा दुसरा अध्याय आधी वाचलेला बरा.

माणूस आणि कुत्रे यांची सोबत शेतीहूनही जुनी आहे. लांडग्यांच्या कुळातील हा प्राणी माणसाच्या शेकोटीजवळ आला, तेव्हा माणसाने अजून नांगरही धरला नव्हता. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये अतिप्राचीन काळातील काही धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यांपैकी एक बैल जुंपलेला रथ आहे. रथात हाकणारा पुरुष उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक लहानसे कुत्रे उभे आहे. ते कुत्रे तेथे कशासाठी उभे केले, हे त्या कारागिरालाच ठाऊक. पण प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर कुत्रेही निघालेच, एवढे त्यावरून दिसते. महाभारतात युधिष्ठिर आपल्याबरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून एकटा स्वर्गात जाण्यास नकार देतो. दत्तात्रेयांच्या चित्रात चार कुत्री असतात आणि खंडोबाच्या पायाशीही कुत्रे असते. संत नामदेवांच्या मागे तर ती प्रसिद्ध कथाच आहे. कुत्रे पोळी घेऊन पळाले, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कथा तेथे संपते. कुत्रे पाळणाऱ्याचा संसार मात्र तेथून पुढे सुरू होतो.

पूर्वीच्या नागपुरात हा संसार फारसा अवघड नव्हता. महाल भागातील जुन्या वाड्यांना अंगण असे, परसू असे, विहीर आणि गोठा असे. कुत्रे देवडीत किंवा ओसरीच्या पायरीशी बसे. उंबरठा ओलांडून आत येण्याची त्याला मुभा नसे. रात्री राखण, दिवसा झोप आणि उरलेल्या वेळात गल्लीची पाहणी, असा त्याचा दिनक्रम असे. घरातील उरलेसुरले अन्न त्याच्या पुढ्यात पडे. त्याच्या अंगावरील गोचिडी, त्याचे केस, त्याची घाण हे सर्व उंबरठ्याच्या बाहेर राही. त्याचा त्रास नव्हताच असे नाही. पण तो डोळ्यांआड होता, आणि डोळ्यांआड असलेल्या घाणीला माणसे घाण म्हणत नाहीत.

आता अंगणे गेली. चौथ्या मजल्यावर तीन खोल्यांचे घर आणि त्या घरात माणसांच्या बरोबरीने वावरणारे कुत्रे, असे चित्र आज पुष्कळ ठिकाणी आहे. देवडीवरचा राखणदार दिवाणखान्यात आला. तो आला ही काही वाईट गोष्ट नव्हे; त्याला सहवास हवाच असतो. परंतु येताना तो आपला देह घेऊन आला आहे, आणि देह म्हटला की देहधर्म आलेच.

प्रारंभ पिलापासून होतो. मूठभर आकाराचे, दुधाच्या वासाचे ते पिल्लू पाहून घरातील मुले हरखून जातात. पहिल्या दिवशी ते तीनदा ओले करते, दुसऱ्या दिवशी सहादा आणि तिसऱ्या दिवशी वडिलांच्या वर्तमानपत्रावर. मुले म्हणतात, ‘ते खोडकर आहे.’ वडील म्हणतात, ‘ते घाणेरडे आहे.’ खरे पाहता दोघांचेही म्हणणे चूक आहे. जन्मल्यानंतरचे पहिले काही आठवडे पिलांची आईच त्यांचे मलमूत्र चाटून साफ करते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांच्या पायांत बळ येते आणि मग ती झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन देहधर्म उरकू लागतात. आपले अंथरूण मळवू नये, ही बुद्धी त्यांना उपजतच असते. आता माणसाच्या घरी आलेल्या पिलाचा विचार करा. त्याच्या लेखी घर म्हणजे त्याचे ते हातभर फटकूर. त्यापलीकडचा सारा दिवाणखाना हे त्याला मैदानच वाटते. ते बिचारे आपल्या घरापासून दूर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शिस्तीने जाऊन बसते आणि आपण त्यास रागावतो!

हे एकदा ध्यानात आले की शिकविणे सोपे होते. झोपून उठल्यावर, खाणे झाल्यावर आणि खेळून दमल्यावर पिलाला लागतेच. त्या प्रत्येक वेळी त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यावे. तेथे त्याने काम केले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. दोन महिन्यांच्या पिलाला दोन-तीन तासांपलीकडे कळ काढता येत नाही. म्हणून रात्रीही एकदा उठावे लागते. काही माणसे पिलाचे नाक त्याच्याच घाणीत घासतात. ही रीत क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. तासापूर्वी केलेल्या कृत्याचा आणि आताच्या शिक्षेचा संबंध त्या जिवाला लागत नाही. तो एवढेच शिकतो की माणसांसमोर हे करणे धोक्याचे आहे. आणि मग तो पलंगाखाली, कपाटामागे, ट्रंकेच्या आडोशाला आपले काम उरकू लागतो. जागा ओली झालीच तर ती साबणाच्या पाण्याने असा धुवावी की वास मागे राहू नये, कारण वास राहिला की कुत्रे तीच जागा नेमून दिलेली समजते. फिनाइलचा मारा करणेही योग्य नाही. ते कुत्र्याच्या पंजांना लागते, पंजे ते चाटते आणि विष पोटात जाते.

पिल्लू वाढू लागले की दातांचे पर्व येते. कुत्र्याला दुधाचे दात २८ असतात. कायमचे दात ४२ येतात. चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत हा पालट चालू असतो. हिरड्या शिवशिवतात आणि हाती, म्हणजे तोंडी, लागेल ते पिल्लू चावत सुटते. चपला, दप्तराचे पट्टे, खुर्चीचे पाय, गणिताची वही. कुत्र्याने वही खाल्ली ही सबब शाळेत कोणी खरी मानीत नाही; पण या तीन महिन्यांत ती खरीही असू शकते. त्याला चावण्यासाठी जाड दोरीची गाठ किंवा टणक रबरी चेंडू द्यावा आणि चपला उंच फळीवर ठेवाव्यात. घरातील पसारा आवरण्याची जी सवय आईच्या सांगण्याने लागत नाही, ती कधीकधी कुत्र्याच्या दातांनी लागते.

केसांची कथा वेगळी. ऋतू पालटला की कुत्र्याची लव गळते. ती सतरंजीत शिरते, उशीवर बसते, वरणाच्या वाटीतही उतरते. रोज दहा मिनिटे दारात बसवून कंगवा फिरविला तर घरभर होणारा उपद्रव पुष्कळ कमी होतो. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिमप्रदेशात वाढलेल्या दाट लवेच्या जातीची कुत्री हल्ली नागपुरातही हौसेने आणली जातात. ज्या गावी मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे अंगावर लोकरीची घोंगडी पांघरलेल्या जिवाला आणणे, ही हौस म्हणावी की अविचार? कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाने घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना तेवढा ओलावा सुटतो. बाकी सारी उष्णता धापा टाकून, जिभेवाटे बाहेर टाकावी लागते. असे कुत्रे चार महिने कूलरपुढे पडून राहते, लाळ गाळते, केस गाळते आणि घर त्याच्या वासाने भरते. दोष त्याचा नसतो. आपल्या दख्खनच्या मातीतील कारवानी किंवा मुधोळ कुत्री आखूड केसांची, सडपातळ अंगाची आणि ऊन सोसणारी असतात. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळ कुत्र्याचेही तिकीट होते. गल्लीत जन्मलेले साधे गावठी पिल्लूही या हवेला सरावलेले असते.

पावसाळा आला की विदर्भाची काळी माती आपला प्रताप दाखविते. ती कोरडी असता भेगाळते आणि भिजली की लोण्यासारखी चिकटते. बाहेरून आलेल्या कुत्र्याच्या चार पंजांबरोबर ती जिना चढते. दाराशी पाण्याचे पसरट भांडे आणि जुना पंचा ठेवून चारही पाय पुसल्याशिवाय आत घ्यावयाचे नाही, असा नियम घालणारी घरे सुखी असतात. मात्र भिजलेले कुत्रे आत आल्यावर अंग झाडते, तेव्हा कोणताही नियम कामास येत नाही. काही क्षणांत ते अंगावरील बहुतेक पाणी उडवून मोकळे होते. ते पाणी भिंतींच्या वाट्याला येते.

गोचीड हा या सर्वांहून चिवट शत्रू होय. कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत, मानेच्या पट्ट्याखाली ती रक्त पीत बसते आणि वाटाण्याएवढी फुगली की गळून पडते. पडल्यावर ती मरत नाही. ती भिंतीची भेग, दाराची चौकट, फरशीची सांध शोधते आणि तेथे हजारांनी अंडी घालते. त्यांतून निघालेली सहा पायांची सूक्ष्म पिले पुन्हा कुत्र्याची वाट पाहतात. मोठी झालेली गोचीड कित्येक महिने उपाशी राहू शकते. म्हणून कुत्र्याच्या अंगावरून ओढून काढलेली गोचीड कोपऱ्यात टाकणारा माणूस गोचिडीची शेतीच करीत असतो, असे म्हणावे लागते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात टाकावी. नखाने चिरडू नये, कारण तिच्या पोटात रोगजंतू असू शकतात. कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळ घालण्याची रीत जुनी आहे. पण त्या पाण्याचा स्पर्श भेगांतील अंड्यांना होत नाही. कुत्र्यावर औषध आणि घराच्या भेगा बुजविणे, ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतात.

पुष्कळ घाण आपणच कुत्र्याच्या पोटात घालतो आणि मग नाक मुरडतो. ‘कुत्र्याला खीर पचत नाही’ ही म्हण माणसांना टोमणा मारण्यासाठी वापरली जाते. तिचा शब्दशः अर्थही खोटा नाही. आईचे दूध सुटल्यानंतर पुष्कळ कुत्र्यांना दुधातील साखर पचविता येत नाही. वाटीभर दूध पाजले की त्यांना जुलाब होतात. तीच गोष्ट तेलातुपाची आणि मसाल्यांची. रविवारच्या सावजी रश्श्याची तर्री माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढते. ती उरली म्हणून कुत्र्याच्या पोळीवर ओतली, तर सोमवारी पहाटे घरात काय होईल ते सांगावयास नको. रश्श्यातील कांदा-लसूण तर कुत्र्याच्या रक्तालाच बाधतो. साधा भात, अळणी उकडलेले मांस किंवा अंडे, वेळच्या वेळी आणि बेताने दिले, तर मळ घट्ट व कमी होतो आणि तो उचलणेही सोपे जाते. ही गोष्ट सांगण्यास ओंगळ वाटते. पण कुत्रे पाळणाऱ्याला तिचे मोल कळते.

आता रस्त्यावरील त्या पहाटेच्या दृश्याकडे वळू. एक शंका पुष्कळांच्या मनात येते. आपल्याकडे शेणाने अंगण सारवतात, शेणाच्या गोवऱ्या थापतात, शेणापासून चुलीचा वायू करतात. मग कुत्र्याच्या मळाचाच एवढा बाऊ का? तोही मातीत मिसळून खत होईल! शेणही अगदी निर्दोष असते असे नव्हे. पण गाय गवत खाते आणि कुत्रे मांसाहारी आहे. शिवाय कुत्र्याच्या आतड्यात असे काही कृमी असतात की जे माणसाच्या शरीरातही शिरतात.

त्यांतील एक गोलकृमी. त्याची मादी दररोज हजारो अंडी घालते व ती मळाबरोबर बाहेर पडतात. पिलांना तर हा कृमी जन्मापूर्वीच आईकडून मिळतो. म्हणून आमच्या घरी जन्मलेले पिल्लू स्वच्छच असणार, हे म्हणणे टिकत नाही. ही अंडी बाहेर पडतात त्या दिवशी कोणाचे काही बिघडवीत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे राहिली की ती पक्व होतात आणि मग वर्षानुवर्षे तशीच टिकून राहतात. तोवर मळ वाळून, फुटून नाहीसा झालेला असतो. जागा स्वच्छ दिसते. तेथे मुले गोट्या खेळतात, हात न धुता चिंच खातात आणि अंडी पोटात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात, फुप्फुसांत भटकतात. क्वचित डोळ्यात शिरून दृष्टीही घेतात. दुसरा अंकुशकृमी. त्याच्या अळ्या ओलसर मातीत आठवड्याभरात तयार होतात आणि अनवाणी तळव्याच्या कातडीतून आत घुसतात. तेथे लालसर, नागमोडी, खाजणारी रेघ उठते. लेप्टोस्पायरोसिस नावाचा रोगही आजारी जनावरांच्या मूत्रातून पावसाच्या साचलेल्या पाण्यात उतरतो. उंदीर त्याचे मुख्य वाहक, पण कुत्र्यामुळेही तो पसरतो. नागपुरात अशा साऱ्या गल्ल्यांचे पाणी ओढ्या-नाल्यांतून अखेर नाग नदीत जाते. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले, तिच्याकडे आज नाकाला रुमाल लावल्याशिवाय पाहवत नाही. त्यास कुत्री हे मोठे कारण नव्हे; पण तिच्यात भर घालणाऱ्यांत तीही आहेत.

वरील वर्णनात एक आशेची जागा आहे व ती नीट पाहिली पाहिजे. अंडी पक्व होण्यास आठवडे लागतात, अळ्या तयार होण्यास दिवस लागतात. याचा अर्थ असा की ज्याने मळ त्याच वेळी उचलला, त्याने रोग जन्मण्यापूर्वीच थांबविला. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. जुन्या वर्तमानपत्राचा चौकोन, पुठ्ठ्याचा तुकडा आणि कमरेत वाकण्याची तयारी एवढे पुरे. घरी आणून तो शौचकूपात टाकावा आणि कागद कचऱ्यात टाकावा; अंगण असल्यास विहीर व भाजीचे वाफे सोडून खोल खड्ड्यात पुरावा. मग हात साबणाने धुवावेत.

मोठमोठ्या शहरांनाही हे उमगण्यास वेळ लागला. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात कुत्र्यांच्या घाणीने पदपथ भरून जात. तेथे १९७८ मध्ये असा कायदा अमलात आला की मालकानेच ती उचलली पाहिजे, नाहीतर दंड भरला पाहिजे. प्रथम लोक हसले, चिडले. पुढे सवय झाली. पॅरिस शहराने निराळा मार्ग धरला. १९८२ पासून तेथे घाण शोषून घेणारी यंत्रे बसविलेल्या मोटारसायकली फिरू लागल्या. खर्च अफाट झाला आणि रस्ते तसेच राहिले. शिवाय आपल्यामागून यंत्र येतेच आहे, मग आपण कशाला वाकावे, असे मालकांस वाटू लागले तर नवल नाही. २००४ मध्ये त्या गाड्या बंद झाल्या आणि पॅरिसनेही दंडाचाच रस्ता धरला.

आपल्याकडे खराटा हाती घेणारा एक महापुरुष याच विदर्भात होऊन गेला. अमरावती जिल्ह्यात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा ज्या गावी जात, तेथे आधी रस्ता झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. १९५६ साली ते निवर्तले. त्यांच्या तसबिरीला हार घालणारी माणसे आजही आहेत. पण आपली घाण दुसऱ्याने उचलावयाची, ही आपल्या समाजातील जुनी आणि लाजिरवाणी सवय अजून गेलेली नाही. पहाटेच्या फिरस्तीत ती उघडी पडते. हातात महागडी साखळी आहे, पायांत उत्तम बूट आहेत. मात्र खिशात कागदाचा एक तुकडा नाही.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न याहून मोठा आहे व तो न्यायालयांपर्यंत गेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेश दिला की सार्वजनिक जागी मोकाट कुत्र्यांना खाऊ घालू नये. ज्यांना त्यांची माया आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, महानगरपालिकेत त्यांची नोंद करावी व मगच खाऊ घालावे. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या या सक्तीला स्थगिती दिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने मोकाट कुत्र्यांना नेमून दिलेल्या ठिकाणीच खाऊ घालावे, असे सांगितले. कायद्याचा हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. पण माया करणे आणि नाव नोंदवून उस्तवार पत्करणे, या दोहोंत केवढे अंतर आहे, हे त्या निमित्ताने शहराला दिसले. भाकरी घालावयास चार क्षण लागतात. तिच्यापासून पुढे जे होते ते निस्तरण्यास कुत्र्याचे सारे आयुष्य लागते.

पिसाळ रोगाबद्दल येथे थोडेच सांगतो, असे म्हणून तो विषय टाळता येणार नाही. फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी कुत्रे चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम लस टोचली व तो मुलगा जगला. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र आजही रोगी क्वचितच वाचतो. पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर व पुढे वैद्यांच्या सल्ल्याने नियमित लस द्यावी. दात किंवा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चुना, तिखट, हळद यांतले काहीही तीवर लावू नये.

घरात ही सगळी कामे करतो कोण? पिल्लू आणण्यापूर्वी मुले शपथा घेतात. ‘त्याचे सारे आम्ही करू.’ पहिला आठवडा पाळी पाळून कामे होतात. दुसऱ्या आठवड्यात परीक्षा येते, तिसऱ्यात क्रिकेटचे सामने येतात. महिनाभराने पहाटेची साखळी आजोबांच्या हाती आणि फरशीचे फडके आईच्या हाती गेलेले असते. नाहीतर भांडी घासावयास येणाऱ्या बाईंना ‘एवढे जरा पुसून घ्या’ असे सांगितले जाते, आणि त्या कामाचे पैसे वाढवून देण्याचे कोणास आठवत नाही. कुत्र्याला मात्र ही वाटणी कळते. ते शेपूट सर्वांपुढे हलविते. पण पोट बिघडले म्हणजे रात्री ज्याच्या खाटेशी जाऊन कुंईं करते, तो माणूस कोण असतो ते पाहावे.

खरी कसोटी अखेरीस येते. दहा-बारा वर्षांत कुत्रे म्हातारे होते. त्याचे डोळे निळसर होतात, मागचे पाय लटपटतात. ज्याने आयुष्यभर आपली शिस्त मोडली नाही, तेच आता झोपेत ओले करते आणि जागे झाल्यावर कान पाडून कोपऱ्यात जाऊन बसते. घराला वास येऊ लागतो. पाहुणे यायचे असतात. अशा वेळी काही माणसे त्याला गाडीत घालून दूरच्या रस्त्यावर सोडून येतात. बारा वर्षे एका दाराशी राहिलेला तो जीव अनोळखी गल्लीत चार दिवसही काढू शकत नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने, उपासमारीने हाल होतील अशा रीतीने प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा ठरविला आहे. पण असे गुन्हे अंधारात घडतात आणि फिर्याद करणारा मुका असतो.

सांभाळावयाचे ठरविले, तर ते अशक्य नसते. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठाणेही याच शहरात आहे. म्हाताऱ्या कुत्र्याचे लघवीवरचे नियंत्रण जाते, तेव्हा नेहमी वयच कारण असते असे नाही. कधी मूत्राशयात सूज असते, कधी मधुमेह असतो, कधी मूत्रपिंडे थकलेली असतात. त्यांतील काहींवर औषध असते. पशुवैद्याने तपासल्यावर निदान रागावण्याचे तरी कारण उरत नाही. बाकी राहते ती उस्तवार. त्याला दर दोन तासांनी हाताचा आधार देऊन बाहेर न्यावे लागते. पायऱ्या उतरता येत नसतील तर जुन्या लुगड्याची झोळी पोटाखालून घालून त्याचा भार पेलावा लागतो. पोटाचे केस ओले राहून कातडी चिघळू नये म्हणून कोमट पाण्याने पुसून कोरडे करावे लागते. अंथरुणाखाली गोणपाटाच्या दोन घड्या घालतात. वरची दिवसातून तीनदा बदलावी लागते. धुतलेले गोणपाट नागपूरच्या उन्हात तासाभरात खडखडीत वाळते. पावसाळ्यात त्याला दोन दिवस लागतात; म्हणून मृगापूर्वीच आणखी चार-सहा गोणपाटे धुऊन, वाळवून ठेवावी लागतात.